खांदेमळणी यंत्राची

(आकाशवाणीवरून प्रसारित झालेल्या भाषणाचा संपादित भाग)

पोळ्याच्या आदल्या दिवशी संध्याकाळी आमच्या घरी बैलांची खांदेमळणी होत असे. धुऊन आणलेले बैल अंगणात उभे करायचे, जू जिथे बसतं तो खांदा कोमट पाण्यानं शेकायचा आणि मग हळद-लोणी चोळायचं. बाबा ते काम कुणा सालगड्यावर सोडत नसत. खांदा चोळताना त्यांची बोटं एखाद्या ठिकाणी थांबत. तिथे घट्टा पडलेला असे, कधी सूज असे. पुढचे आठ दिवस तो बैल जुवाखाली जात नसे.

आज आमच्या गोठ्यात बैल नाहीत. तिथे १५ अश्वशक्तीचा एक लहान ट्रॅक्टर आहे, त्याच्यामागे लावायचं गवत कापायचं यंत्र आहे आणि भिंतीला खांद्यावर अडकवायचं एक ग्रास कटर टांगलेलं आहे. पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी मी ग्रीसची बंदूक घेऊन त्यांच्यापाशी बसतो. मागच्या वर्षी नातवानं विचारलं, "आबाजी, ट्रॅक्टरचा खांदा कुठं असते?" पोराचा प्रश्न साधा होता, पण त्याचं उत्तर शोधताना मला शंभर-दोनशे वर्षं मागे जावं लागलं आणि आमच्या घरातली एक जुनी जखमही उघडावी लागली.

आमचं गाव राजूर, तालुका वणी, जिल्हा यवतमाळ. एके काळी हा जिल्हाच वणीच्या नावानं ओळखला जाई. इंग्रजांच्या दप्तरी तो 'वुन' जिल्हा होता, १९०५ साली त्याला यवतमाळ हे नाव मिळालं. राजूरला लोक 'राजूर कॉलरी' म्हणतात, कारण इथे जमिनीखाली कोळसा आहे. कोळशासोबत चुनखडीही आहे, आणि त्यामुळे गावाभोवती चुन्याच्या भट्ट्या उभ्या राहिल्या. वर मात्र काळी कसदार जमीन, पऱ्हाटीची. म्हणजे एकाच गावात एक भाऊ खाणीत, दुसरा भट्टीवर आणि तिसरा वावरात. तिघांच्या अंगावर धूळ तेवढी सारखीच, कुणाची काळी, कुणाची पांढरी. ही धूळ लक्षात ठेवा, पुढे तिचं काम आहे.

शेतात लोखंड आलं तेच मुळी लोकांच्या संशयातून वाट काढत. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी बेळगावात आधी कडबा कापायचं यंत्र केलं आणि १९०३ च्या सुमारास लोखंडी नांगर. लोखंडानं जमीन विषारी होते, असं तेव्हा शेतकरी म्हणत. पहिले मोजके नांगर खपायला दोन वर्षं लागली. आपण हा प्रसंग अडाणीपणाची गोष्ट म्हणून सांगतो. मला तो तसा वाटत नाही. लाकडी नांगर मोडला तर गावचा सुतार तो संध्याकाळपर्यंत नीट करून देई. लोखंडी नांगराचा फाळ मोडला तर कुणाकडे जायचं, हा प्रश्न त्या शेतकऱ्याच्या मनात असणारच. किर्लोस्करांचा नांगर पुढे घरोघर गेला, त्यामागे त्याचे सुटे भाग मिळू लागले हेही एक मोठं कारण असलं पाहिजे. नवं अवजार विकत घेताना शेतकरी त्याच्या दुरुस्तीची वाटही विकत घेत असतो.

गवत कापायच्या यंत्राची जन्मकथा कापसाच्या मुलखातल्या माणसाला जवळची वाटावी अशी आहे. इंग्लंडात ग्लॉस्टरशायर परगण्यात स्ट्राउड नावाचा कापडगिरण्यांचा भाग आहे. लोकरी कापड विणून झालं की त्यावरची लव एका फिरत्या पात्याच्या यंत्रानं सारखी कापत. ते पाहून एडविन बडिंग या कारागिराच्या मनात आलं, की कापडावरची लव कापता येते तर जमिनीवरचं गवत का नाही? १८३० साली त्यानं आपल्या यंत्राचं पेटंट घेतलं. लगेच पुढच्या वर्षी अमेरिकेत सायरस मॅकॉर्मिकनं घोड्यांनी ओढायचं कापणीयंत्र चालवून दाखवलं. मॅकॉर्मिकचा धंदा वाढत जाऊन १९०२ मध्ये त्यातून 'इंटरनॅशनल हार्वेस्टर' ही कंपनी उभी राहिली. हे नाव पुन्हा येणार आहे.

ट्रॅक्टर लहान होऊ शकतो, ही कल्पना मात्र आयर्लंडच्या हॅरी फर्ग्युसनची. त्याच्याआधी नांगर ट्रॅक्टरमागे साखळीनं किंवा दांड्यानं जोडून नुसता ओढत. फाळ दगडाला अडला की ट्रॅक्टरचं तोंड वर उचललं जाई आणि चालवणारा खाली सापडे. म्हणून ट्रॅक्टर जड करावा लागे. फर्ग्युसननं नांगर तीन ठिकाणी जोडला आणि तो हायड्रॉलिकनं उचलायची सोय केली. त्यामुळे नांगराचा ओढा ट्रॅक्टरच्या मागच्या चाकांना जमिनीत रुतवू लागला, आणि हलकं यंत्रही जड यंत्राचं काम करू लागलं. १९४६ पासून इंग्लंडातल्या कॉव्हेंट्री गावी त्याचा लहान करडा ट्रॅक्टर बनू लागला. दहा वर्षांत असे पाच लाखांवर ट्रॅक्टर बाहेर पडले. आज आमच्या गोठ्यातल्या ट्रॅक्टरच्या मागेही तेच तीन सांधे आहेत.

आपल्याकडे ट्रॅक्टरची पहिली मोठी फौज उतरली ती गवताशी लढायला. स्वातंत्र्यानंतर धान्याची टंचाई होती आणि मध्य भारतातल्या लाखो एकर काळ्या जमिनीवर कांस माजला होता. या गवताची मुळं इतकी खोल, की बैलांच्या नांगरानं ती नुसती तुटत आणि पावसाळ्यात पुन्हा फुटत. सरकारनं केंद्रीय ट्रॅक्टर संघटना उभारली. १९४९ साली जागतिक बँकेनं भारताला जी पहिली कर्जं दिली, त्यांतलं एक, १ कोटी डॉलरचं, याच कामाच्या अवजड यंत्रांसाठी होतं. भर उन्हाळ्यात खोल नांगरट करायची आणि उलटून पडलेली मुळं उन्हानं वाळवायची, ही त्यांची रीत. ही मोहीम ज्या मध्य प्रदेशात गाजली, त्या राज्यात १९५६ पर्यंत आपला विदर्भही होता.

पण मला या मोहिमेतली महत्त्वाची वाटते ती दुसरीच गोष्ट. यंत्रं आली तशी ती चालवणारी आणि राखणारी माणसं लागली. त्यासाठी १९५५ साली नर्मदेकाठी बुधनी इथे ट्रॅक्टर प्रशिक्षण केंद्र निघालं. पुढे तिथे ट्रॅक्टरची तपासणीही होऊ लागली. यंत्रासोबत शिक्षणही द्यावं लागतं, हे त्या वेळच्या धुरीणांना कळलं होतं. मात्र ते शिक्षण गावोगाव पोचायचं होतं, आणि ट्रॅक्टर त्याच्या कितीतरी आधी पोचले.

१९५९ च्या डिसेंबरात दिल्लीत जागतिक कृषी प्रदर्शन भरलं. केंद्रीय कृषिमंत्री होते आपल्या अमरावती जिल्ह्यातल्या पापळचे डॉ. पंजाबराव देशमुख. त्यांनीच ते घडवून आणलं आणि अमेरिकेचे अध्यक्ष आयसेनहॉवर तिथे आले. त्याच वर्षी एप्रिलमध्ये फरिदाबादला आयशर कंपनीनं भारतात तयार झालेला पहिला ट्रॅक्टर बाहेर काढला. १९६१ मध्ये मद्रासला 'टाफे'चे मॅसी फर्ग्युसन निघू लागले. १९६३ मध्ये महिंद्र, व्होल्टास आणि मघाशी सांगितलेली इंटरनॅशनल हार्वेस्टर यांनी मिळून कंपनी काढली आणि मुंबईत कांदिवलीला 'बी-२७५' हा ट्रॅक्टर बनू लागला. मॅकॉर्मिकच्या कापणीयंत्राचं घराणं असं महाराष्ट्रात आलं. रशिया, चेकोस्लोव्हाकिया, पूर्व जर्मनी इथून आणलेले ट्रॅक्टरही त्या काळात फिरत. १९६९ साली चौदा बँकांचं राष्ट्रीयीकरण झालं आणि शेतकऱ्याला यंत्रासाठी कर्ज मिळण्याची वाट थोडी रुंद झाली.

त्या वाटेनं १९७९ साली आमच्या घरी ट्रॅक्टर आला. बाबा आणि मोठेबाबा, दोघांनी मिळून कर्ज काढून जुनाच घेतला. मी तेव्हा तेरा वर्षांचा. कंपनीचं नाव सांगत नाही, कारण पुढे जे झालं त्यात दोष यंत्राचा नव्हता. आईनं चाकांना हळद-कुंकू लावलं, नारळ फुटला. दोन बैलजोड्यांपैकी एक विकली गेली. नांगरटी झाली की ट्रॅक्टर रिकामा राहू नये म्हणून ट्रॉली जोडून चुनखडी वाहायला लावला. भाडं रोख मिळे, हप्ता निघे. तीन वर्षं सगळं छान चाललं असं आम्हाला वाटत होतं.

१९८२ च्या उन्हाळ्यात ट्रॅक्टर धूर सोडू लागला. तेल पिऊ लागला. सकाळी चार माणसांनी ढकलल्याशिवाय सुरू होईना. मृग लागायला चार दिवस उरले असताना तो वावरातच बंद पडला. वणीहून मिस्त्री आला. त्यानं इंजिनाला हात लावण्याआधी हवेच्या फिल्टरचं खालचं भांडं सोडवलं. त्यात तेल असायला हवं होतं. आत येणारी हवा त्या तेलावरून जाते, धूळ तेलात अडकते आणि स्वच्छ हवा इंजिनात जाते, अशी ती सोय. भांड्यात तेल नव्हतंच. पांढरट, घट्ट, दह्यासारखा गोळा होता. चुन्याची धूळ. मिस्त्रीनं तो बोटानं काढून बाबांना दाखवला आणि म्हणाला, "भाऊ, बैलाच्या नाकात वेसण घालता, मंग याच्या नाकाकडं काऊन नाई पायलं?"

बाबा काही बोलले नाहीत. तीन वर्षांत ते भांडं कुणी उघडलंच नव्हतं. उघडायचं असतं, हे कुणी सांगितलं नव्हतं. धूळ आत जाऊन रिंगा आणि लायनर खाऊन बसली होती. इंजिनाचं पूर्ण काम निघालं. त्या वर्षी उरलेल्या एका जोडीवर सोळा एकरांची पेरणी रेटली, निम्म्याहून जास्त उशिरा झाली आणि पीक हातचं गेलं. दुरुस्ती आणि हप्ता मिळून कर्ज इतकं झालं की रस्त्याकडची तीन एकर जमीन विकावी लागली. महिन्यातून एकदा ते भांडं पुसलं असतं आणि पावशेर-अर्धाशेर तेल बदललं असतं, तर ती जमीन आज आमची असती.

दुसरी जखम त्याहून खोल. ट्रॅक्टरच्या मागे एक फिरता दांडा असतो, त्यावर मळणीयंत्र, कडबा कटर, गवत कापायचं यंत्र चालतं. या दांड्याचा ठरलेला वेग मिनिटाला ५४० फेरे, म्हणजे सेकंदाला नऊ. त्यावरचं पत्र्याचं झाकण अडचणीचं वाटतं म्हणून आम्ही काढून ठेवलं होतं. मोठेबाबा वाकले, खांद्यावरच्या दुपट्ट्याचं टोक दांड्यात गेलं. सेकंदाला नऊ फेरे म्हणजे काय, ते मी त्या दिवशी पाहिलं. दुपट्टा जुना होता म्हणून फाटला आणि ते वाचले. उजवा हात मात्र कोपरातून गेला तो गेलाच. पुढे पोळ्याला बैलाचा खांदा ते डाव्या हातानं मळत. देशभरात मळणीयंत्रांत असे किती हात गेले असतील! शेवटी १९८३ साली संसदेला धोकादायक यंत्रांच्या नियमनाचा कायदा करावा लागला. कायदा आला, पण झाकणं काढून ठेवायची आपली सवय गेली नाही.

पुढे मी खाणीच्या वर्कशॉपमध्ये फिटर म्हणून लागलो. तिथे पहिल्याच आठवड्यात माझे डोळे उघडले. पाण्याचा पंप असो की गाड्या ओढायचा दोर असो, दर पाळीला तपासणी आणि ती वहीत लिहून खाली सही. बिघाड झाला म्हणून तपासणी नव्हे, होऊ नये म्हणून. कारण खाली माणसं असतात. मी मनात म्हणालो, जमिनीखाली हा नियम आहे, तर जमिनीवर का नाही? वावरातल्या यंत्रावरही माणसंच जगतात.

निवृत्त झाल्यावर उरलेल्या वाट्याच्या साडेसहा एकरांवर परत आलो, तेव्हा मोठा ट्रॅक्टर घ्यायचा प्रश्नच नव्हता. हा प्रश्न फक्त माझा नाही. १९७०-७१ च्या कृषी गणनेत महाराष्ट्रात एका खातेदाराकडे सरासरी ४.२८ हेक्टर जमीन होती, २०१५-१६ मध्ये ती १.३४ हेक्टरवर आली. जमीन लहान झाली तसं यंत्रही लहान व्हावं लागलं. सौराष्ट्रातल्या अमरेली जिल्ह्यात मनसुखभाई जगानी यांनी १९९४ साली बुलेट मोटारसायकलला मागे दोन चाकं आणि अवजार जोडून डवरणी करून दाखवली. दुष्काळात बैल पोसणं परवडत नव्हतं, म्हणून. तीही आपल्यासारखीच कोरडवाहू मुलखातली अडचण. पुढे १५-२० अश्वशक्तीचे ट्रॅक्टर मोठ्या कंपन्यांनीही काढले. ओळींच्या मधून जाणारे, पऱ्हाटी न मोडता डवरणी करणारे. २०१२ पासून राज्य सरकारनं अनुसूचित जाती आणि नवबौद्धांच्या बचत गटांसाठी ९ ते १८ अश्वशक्तीचा मिनी ट्रॅक्टर नव्वद टक्के अनुदानावर देण्याची योजना आणली. ज्यांच्या दाराशी कधी बैलजोडीही नव्हती, त्यांच्या दाराशी ट्रॅक्टर उभा राहिला. ही लहान गोष्ट नव्हे. पण अशा गटांतल्या बायाबापड्या मला विचारायला येतात, तेव्हा प्रश्न एकच असतो, "हा सुरू काऊन नाई होऊन राह्यला, काका?"

मी त्यांना माझी वही दाखवतो. रोज सकाळी सुरू करण्याआधी सपाट जागी डिपस्टिक काढून तेल पाहायचं. रेडिएटरमधलं पाणी पाहायचं, पण तापलेल्या इंजिनाचं झाकण कधी उघडायचं नाही. दहा तास काम झालं की सगळ्या निपलांना ग्रीस द्यायचं. आपल्या राजूरच्या धुळीत हवेचा फिल्टर पुस्तकात लिहिलंय त्याच्या निम्म्या दिवसांत पाहायचा. डिझेल पिंपातून काढताना तळाचं काढायचं नाही, तिथे पाणी आणि गाळ असतो. डिझेल संपून गाडी बंद पडली तर नळीत हवा शिरते. अशा वेळी स्टार्टर मारून बॅटरी संपवू नये, फिल्टरवरचा स्क्रू ढिला करून हातपंप मारावा, बुडबुडे थांबले की आवळावा. एवढ्यासाठी मिस्त्री बोलवायची गरज नसते.

गवताच्या यंत्राचं आणखी वेगळं. पाऊस सुरू झाला की धुऱ्यावर कुंदा, हरळी, पांदणीत गाजरगवत. हे गाजरगवत १९५० च्या दशकात पहिल्यांदा पुण्याकडे दिसलं आणि आता कुठे नाही असं गाव दाखवा! फूल येण्याआधी ते कापलं तर बी पडत नाही. पण पातं बोथट असलं की गवत कापलं न जाता फाटतं आणि इंजिनावर ताण येतो. पातं काढण्याआधी प्लगची वायर काढायची, दोन्ही टोकं सारखी घासायची आणि मधल्या भोकात खिळा घालून तोलून पाहायचं. एक बाजू झुकली तर अजून घासायची, नाहीतर थरथरीनं बेअरिंग जातं. टू-स्ट्रोक असेल तर पेट्रोलमध्ये ठरलेलं ऑइल मिसळायलाच हवं, नुसत्या पेट्रोलवर ते एका दुपारीत जाम होतं. दिवाळीनंतर ठेवून देताना टाकी आणि कार्बोरेटर रिकामा करायचा. चालवताना डोळ्यांना चष्मा हवा, आणि पंधरा मीटरच्या आत पोरंबाळं नकोत. पात्यानं उडालेला खडा गोफणीच्या धोंड्यासारखा जातो.

हे सगळं एवढं का सांगतो? २०१७ च्या पावसाळ्यात आपल्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन सुमारे वीस शेतकरी-शेतमजूर दगावले, शेकडो दवाखान्यात गेले. पऱ्हाटी डोक्याएवढी वाढली होती, औषधं जहाल होती आणि जोरानं फवारणारे पंप हातात आले होते. पंप दुकानात मिळाला, औषध दुकानात मिळालं. कसं वापरायचं आणि अंगावर काय घालायचं, ते मात्र धडपणे कुणी सांगितलं नाही. आमच्या घरच्या ट्रॅक्टरची गोष्ट आणि ही गोष्ट माझ्या मनात एकाच ओळीत बसते. लोखंडी नांगरापासून आजपर्यंत यंत्र दरवेळी गावात आधी आलं आणि त्याचं ज्ञान मागून, रमतगमत आलं. मधल्या काळाची किंमत कुणी जमिनीनं दिली, कुणी हातानं, कुणी जिवानं.

बैलाच्या बाबतीत असं होत नव्हतं, कारण बैलाचं ज्ञान कुणाला वेगळं शिकवावं लागत नसे. पोर चालायला लागलं की गोठ्यात जाई आणि शेणापासून खुरापर्यंत सारं पाहून शिके. शिवाय वर्षातून एक दिवस सगळं गाव थांबून बैलाचा खांदा तपासे.

नातवाला मी उत्तर दिलं ते असं. त्याच्या हातात कापडाचा बोळा दिला आणि हवेच्या फिल्टरचं भांडं सोडवायला सांगितलं. तळाशी बोटभर पांढरी साय बसली होती. त्यानं ती पुसली, डिझेलनं भांडं धुतलं, खुणेपर्यंत नवं तेल ओतलं आणि क्लिप लावली. मग मागच्या दांड्यावरचं झाकण हलवून पाहिलं, घट्ट होतं. शेवटी वहीत तारीख घालून त्यानं स्वतःच्या अक्षरात लिहिलं, 'फिल्टर साफ केला', आणि खाली सही केली. दुसऱ्या दिवशी पोळ्याला ट्रॅक्टरला हार घातला तो त्यानंच.